स्वस्त घर आणि लांबचे घर

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी जमिनीचा खंड शिकवला. जर्मनीतील फॉन थ्यूनेन यांनी १८२६ साली असे मांडले की, बाजारापासून शेत जितके लांब तितका त्याचा खंड कमी. कारण माल वाहून नेण्याचा खर्च वाढतो. पुढे १९६४ साली विल्यम अलोन्सो यांनी हाच विचार शहराला लावला. मध्यवस्तीजवळ भाडे जास्त, प्रवास कमी; लांब गेले की भाडे कमी, प्रवास जास्त. तास संपला, पण माझ्या डोक्यात आमच्या घरचाच प्रश्न घोळत राहिला.

आम्ही पुण्यात गोखलेनगरला भाड्याने राहतो. कॉलेज पायी अर्ध्या तासावर. इतक्या जवळ आम्हाला घर परवडते कसे? याचे उत्तर इतिहासात आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बेघर झालेल्या काही कुटुंबांना टेकडीच्या पायथ्याशी, तेव्हा गावाबाहेर वाटणाऱ्या या जागेत वसवले गेले. अर्धगोल पत्र्याची ती घरे, म्हणजे ‘निसेन हट’, मुळात पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी निघालेली. पुढे शहर वाढत वाढत वस्तीच्या पलीकडे गेले. खोल्या मात्र लहानच राहिल्या. म्हणजे ही स्वस्ताई केवळ बाजारातून आलेली नाही. संकटानंतर गरजूंसाठी जागा दिली गेली, म्हणून गरिबाला शहराजवळ राहता आले.

आता आमचे घरमालक घर पाडून नवे बांधणार आहेत. दिवाळीपर्यंत खोली सोडायची आहे. याच वस्तीत दुसरी खोली आठ हजारांना मिळेल, वाघोलीकडे सहा हजारांना. तिथे खोल्या मोठ्या आणि संडास घरातच. बाबा म्हणाले, “दोन हजार वाचतात, जाऊ या.” त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मी वहीत हिशेब मांडला.

आई मॉडेल कॉलनीत चार घरी स्वयंपाक करते. तिला जायला वीस मिनिटे लागतात. बाबा नारायण पेठेत बाइंडिंगच्या कारखान्यात आहेत. सायकलने वीस मिनिटे. माझा अर्धा तास. तिघांचे जाऊन-येऊन रोज दोन तास वीस मिनिटे होतात. वाघोलीहून प्रत्येकी दीड तास धरला तर रोज नऊ तास! घरातला चौथा माणूस नुसता प्रवासाच्या कामाला लावल्यासारखेच हे. शिवाय आईची संध्याकाळची दोन कामे सुटतील, म्हणजे महिन्याला चार हजार गेले. बसभाडे मी अजून धरलेलेच नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. सहाला वाचनालय बंद होईपर्यंत मी बसू शकते ती घर जवळ आहे म्हणून. त्याची किंमत कशी मांडावी, हे मला जमले नाही.

बाबांनी वही दोनदा वाचली. म्हणाले, “भाडे दर महिन्याला हातातून जाताना दिसते. हे तास कुणाला दिसतात?”

मला वाटते, स्वस्त घरांच्या योजना आखणाऱ्यांनीही हेच तपासावे. घराची किंमत सांगताना कामापासूनचे अंतरही त्यात धरावे. नाहीतर वाचलेले पैसे रस्त्यातच संपतात.

येत्या रविवारी आम्ही तिघे वस्तीतच खोली शोधायला निघणार आहोत. मिळेलच असे नाही. पण आता निदान काय शोधायचे ते ठरले आहे.