चोळे वीजगृह : कोळशाकडून वीजजाळ्याकडे

विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावरील स्थानके. या शहरांतील हजारो कुटुंबांची उपजीविका विजेवर धावणाऱ्या लोकल गाड्यांवर अवलंबून आहे. ही वीज एके काळी येथून जवळच, ठाकुर्लीच्या चोळे वीजगृहात कोळसा जाळून निर्माण होत असे. त्या वीजगृहाचा उदय आणि अस्त हा ऊर्जाक्षेत्रातील स्थित्यंतराचा बोलका इतिहास आहे.

वीजगृहाची उभारणी

मुंबईत विजेवर चालणारी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. १९२९ मध्ये विद्युतीकरण पुण्यापर्यंत पोहोचले आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ सुरू झाली. घाट चढणाऱ्या या गाड्यांना अखंड वीजपुरवठा हवा होता. त्यासाठी तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्ली येथे स्वतःचे औष्णिक वीजगृह उभारले. लोहमार्ग लागूनच असल्याने कोळशाच्या वाघिणी थेट आणता येत, तर उल्हास नदीची खाडीही जवळच होती.

बॉयलरमध्ये कोळसा जाळून वाफ तयार करावयाची, वाफेच्या दाबाने टर्बाइन फिरवावयाचे आणि त्यास जोडलेल्या जनित्रातून वीज मिळवावयाची, ही तेथील कार्यपद्धती होती. मार्गावरील उपकेंद्रांत या विजेचे १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करून ती गाड्यांना पुरविली जाई.

अस्ताची कारणे

कोकणात कोळशाच्या खाणी नाहीत. दूरच्या खाणींतून कोळसा आणावयाचा तर वाहतुकीचा खर्च आलाच. शिवाय यंत्रसामग्री जुनी झाली की तेवढ्याच विजेसाठी अधिक कोळसा लागतो, दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. धूर आणि राख यांचा उपद्रव निराळाच.

दरम्यान राज्याचे वीजजाळे विस्तारत होते. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६२ मध्ये कोयनेची वीज उपलब्ध झाली. पुढे चंद्रपूरसारखी मोठी केंद्रे कोळसा खाणींच्या परिसरातच उभी राहिली. कोळसा शेकडो किलोमीटर वाहून आणण्यापेक्षा तो खाणीजवळ जाळून वीज तारांवाटे आणणे सोयीचे ठरले. चंद्रपूरहून भिवंडी तालुक्यातील पडघे येथे येणारी ५०० किलोव्होल्टची एकदिश वाहिनी हे त्याचेच उदाहरण होय. काळाच्या ओघात लहान वीजगृहाचे प्रयोजन उरले नाही आणि १९८० नंतरच्या दशकात चोळे येथील वीजनिर्मिती थांबली. १,५०० व्होल्टची पद्धतही पुढे मागे पडली. २०१६ मध्ये मध्य रेल्वेच्या मुंबई उपनगरी मार्गांचे २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर पूर्ण झाले.

आजच्या संदर्भात

ज्या मोठ्या केंद्रांमुळे लहान वीजगृहे कालबाह्य ठरली, त्यांचेही जुने संच आता निवृत्त होत आहेत. चंद्रपूर येथील १९८० च्या दशकातील प्रत्येकी २१० मेगावॉटचे पहिले दोन संच बंद झाले आहेत. कोराडी येथे जुन्या लहान संचांच्या जोडीने ६६० मेगावॉटचे आधुनिक संच आले. सौर व पवन ऊर्जेचा वाटाही वाढत आहे.

जुने केंद्र बंद करणे म्हणजे केवळ कळ दाबून यंत्र थांबविणे नव्हे. पर्यायी वीज आधी हाती यावी लागते, तेथील कामगारांना नव्या कामाचे शिक्षण व सामावून घेण्याची हमी द्यावी लागते, साठलेल्या राखेची विल्हेवाट लावून जमीन पुन्हा उपयोगात आणावी लागते. हा क्रम चुकला तर त्याची झळ प्रथम कामगाराला आणि प्रवाशाला पोहोचते. चोळ्याच्या भट्ट्या विझल्या, तरी बदलापूरची लोकल धावत राहिली, कारण तिच्यासाठी दुसरी वीज तयार होती. कोळशाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाताना हाच क्रम कटाक्षाने पाळणे अगत्याचे आहे.