अनुदान थांबले, संस्था कशी चालवावी?

प्रश्न : भाईंदर पूर्वेत आम्ही वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवतो. यंदा सरकारी अनुदानाचे नूतनीकरण झाले नाही. अनुदान हा नोंदणीकृत संस्थेचा हक्कच ना? पगारासाठी कर्ज काढावे का?
— एक विश्वस्त, भाईंदर

उत्तर : नोंदणीमुळे अर्ज करता येतो, अनुदानाचा हक्क मिळत नाही. अनुदान त्या योजनेपुरते आणि मुदतीपुरतेच असते. तरी घाबरू नका.

आधी मागील हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षण अहवाल सादर झाले का, ते तपासा. पुष्कळदा गाडी तिथेच अडते. महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाकडेही चौकशी करा.

सोबत दुसरे मार्ग उघडा. कंपनी कायदा २०१३ नुसार ५ कोटी किंवा अधिक निव्वळ नफा असलेल्या कंपनीला सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. हा सीएसआर निधी मिळवण्यासाठी 'सीएसआर-१' नोंदणी करा. तुमच्या परिसरातले स्टील कारखानदार लहान असले, तरी देणगी देऊ शकतात. मात्र देणगीवरची प्राप्तिकर सवलत ('८०जी' म्हणून ओळखली जाणारी) नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला लागू नाही, हे त्यांना आधीच सांगा.

कर्ज टाळा, त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागू शकते. एका योजनेचा पैसा दुसरीकडे वळवू नका. तूर्त वर्ग कमी करा, पण बंद करू नका. यापुढे कोणत्याही एकाच स्रोतावर सगळे पगार अवलंबून ठेवू नका.