हापूस ऑनलाइन विकताना: काय करावे, काय टाळावे

पाडव्यापासून फोनवर आंब्याच्या जाहिरातींचा पूर येतो आणि प्रत्येक पेटी 'अस्सल देवगड'ची असते. ग्राहकाला फळ हुंगून, दाबून पाहता येत नाही. त्यामुळे ऑनलाइन धंद्यात शब्दाची किंमत बाजारपेठेपेक्षाही जास्त.

काय करावे

• बाग मोहोरापासून दाखवा. गाव आणि तारीख सांगून मोबाइलवर केलेला साधा व्हिडिओ पुरतो. अवकाळीने मोहोर गळला तर तेही सांगा. मग दर का चढला, हे गिऱ्हाइकाला वेगळे पटवावे लागत नाही.

• 2018 मध्ये हापूसला जीआय मानांकन मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा आणि प्रमाणपत्र दिसेल असे लावा.

• डझनाच्या दराशेजारी फळाचे वजन आणि घरपोच खर्च लिहा.

• पेटीवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर छापा आणि तो सेव्ह करायला सांगा. ज्याने नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही.

• साक्याबद्दल आधीच बोला. फळ कापल्याशिवाय साका कळत नाही, चांगल्या बागेतही तो निघतो. 'कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढी फळे भरून देऊ' हा नियम ऑर्डर घेतानाच सांगून टाका. तरीही कोणी फेसबुकवर चिडून लिहिले, तर त्याच दिवशी, तिथेच, स्वतःच्या नावाने उत्तर द्या. कमेंट पुसली की तिचा स्क्रीनशॉट दहा ग्रुपमध्ये फिरतो. मालकाने नीट दिलेले उत्तर मात्र पुढचे शंभर गिऱ्हाईक वाचतात, आणि माझ्या मते त्याहून चांगली जाहिरात नाही.

काय टाळावे

• कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने विकू नका. तो विकण्यात गैर काही नाही, फक्त त्याच्याच नावाने विका.

• 'कार्बाइडमुक्त' ही बढाई नको. कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. त्यापेक्षा आढी कशी घातली, किती दिवस ठेवली, ते दाखवा.

• गोदाम भरलेले असताना 'फक्त 3 पेट्या शिल्लक' लिहू नका. खोटी घाई लावणे आणि पैसे भरताना शेवटी खर्च वाढवणे, दोन्ही प्रकार केंद्राच्या नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहेत.

• फुकट पेटी देऊन इन्फ्लुएन्सरकडून व्हिडिओ करून घेतलात, तर 'जाहिरात' हा शब्द झाकू नका. भेटवस्तूसुद्धा मोबदलाच धरली जाते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

• भाचे-पुतण्यांकडून पाच तारे टाकून घेऊ नका.

• सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून मेसेज पाठवू नका. लोक ब्लॉक करतात, रिपोर्टही करतात, आणि ऐन मे महिन्यात तुमचा नंबर बंद पडू शकतो.