परसबाग : वाटली किती, ताटात आली किती?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नौपाड्यातील एका मंडळाने घरच्या घरी भाजी लावण्याचा वर्ग घेतला. कुंडी कशी भरावी, ओल्या कचऱ्याचे खत कसे करावे, मेथी-माठ कसा पेरावा, असा दोन तासांचा कार्यक्रम होता. 'आहारात पालेभाज्यांचे महत्त्व' या विषयावर बोलायला मला बोलावले होते. शेवटी कार्यवाहांनी अहवाल वाचला. बियांची दीडशे पाकिटे वाटली, सभागृह भरले, पुढल्या वर्षी दुप्पट पाकिटे वाटू. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

दोन-तीन आठवड्यांनी दवाखान्यात एक बाई आल्या. वय चाळिशीच्या आसपास, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पायात गोळे येतात, डोके जड होते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.४. बाईमाणसाचे निदान १२ तरी असायला हवे. गोळ्या लिहून देताना सवयीने विचारले, "ताई, पालेभाजी खाता का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, त्या वर्गाला गेलेल्या दोन वहिनींच्या मेथीला रोज पाणी मीच घालते की!" त्यांची स्वतःची भाड्याची एक खोली. खिडकी बोळात उघडते, ऊन येत नाही. वर्ग दुपारी तीनला होता, त्या वेळी त्या दुसऱ्या मजल्यावर भांडी घासत होत्या.

म्हणजे मेथीचे सगळे शिक्षण त्यांच्या हाताला मिळाले होते, ताटाला मिळाले नव्हते. आणि मंडळाच्या अहवालात ही गोष्ट कुठेही येणार नव्हती, कारण अहवालात पाकिटे मोजली होती.

आपल्याकडे परसबाग ही काही नवीन शिकवण नव्हे. जुन्या ठाण्यात घरामागे परस असे, विहीर असे, मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ पोसली जाई. बैठ्या घरांच्या जागी इमारती आल्या, परस गेले आणि खिडकीची ग्रिल उरली. शहापूर-मुरबाडच्या गावांत अजून परस शिल्लक आहे. राज्याच्या 'उमेद' अभियानाने बचत गटांतील महिलांसाठी 'माझी पोषण परसबाग' मोहीम चालवली, शाळांच्या आवारात परसबागा झाल्या. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपून ते बायाबायांत पोचवले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काम भरपूर होते आहे. पण ते कितीजणांपर्यंत पोचले, हे मोजायचे कसे, याचा विचार फारसा होत नाही. मला तो डॉक्टर म्हणून महत्त्वाचा वाटतो, कारण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला होता. आधीच्या पाहणीत, म्हणजे २०१५-१६ साली, तो आकडा ४८ होता.

मोजण्याचा धडा आमच्या पिढीच्या डॉक्टरांना पल्स पोलिओने दिला. १९९५ साली मोहीम सुरू झाली तेव्हा बूथवर किती मुलांना डोस पाजला, याचाच हिशेब सगळे सांगत. आकडे मोठे येत, मन सुखावे. पुढे घरोघरी जायला सुरुवात झाली तेव्हा खरी मेख कळली. स्वयंसेवक प्रत्येक दारावर खडूने खूण करी. सगळ्या मुलांना डोस मिळालेल्या दारावर 'पी', आणि मूल राहून गेलेल्या, कुलूप असलेल्या किंवा नकार देणाऱ्या दारावर 'एक्स'. नंतर दुसरी तुकडी फक्त 'एक्स'च्या दारांवर परत जाई. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, त्यात या खडूच्या फुलीचा वाटा मोठा आहे. पाजलेले डोस मोजून उरलेली मुले सापडत नाहीत. त्यासाठी आधी एकूण दारे मोजावी लागतात.

परसबागेच्या वर्गालाही हेच लागू पडते. भागाकाराला वर आकडा असतो तसा खालीही असतो. दीडशे पाकिटे हा वरचा आकडा. खालचा आकडा कोणता? सभागृहातल्या खुर्च्या की त्या वस्तीतली सगळी घरे? खुर्च्या धरल्या तर शंभर टक्के यश. घरे धरली की चित्र पालटते.

तानाहाशी नावाच्या तज्ज्ञांनी १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात या विषयावर एक लेख लिहिला होता. आरोग्यसेवा लोकांपर्यंत पोचते ती पायऱ्यापायऱ्यांनी, आणि प्रत्येक पायरीवर काही माणसे गळतात, असे त्यांचे म्हणणे. सेवा आहे का, तिथवर जाता येते का, ती रुचते का, प्रत्यक्ष घेतली का आणि घेऊन गुण आला का, अशा त्या पायऱ्या. आपल्या वर्गाला त्या लावून पाहू. आकडे निव्वळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, वस्तीत १००० घरे आहेत. वर्गाची बातमी पोचली ४०० घरांत. दुपारी तीनला येणे जमले १५० जणींना. त्यांपैकी घरी तीन-चार तास ऊन येणारी जागा आहे ११० जणींकडे. बी पेरले ७० जणींनी. तीन महिन्यांनी कुंडीत काही हिरवे आहे ३० घरांत. आणि घरातल्या बाईच्या पानात पूर्वीपेक्षा जास्त वेळा पालेभाजी पडते १५ घरांत. अहवालात येईल '१५० महिलांना लाभ'. खरा पल्ला १००० पैकी १५.

हे वाचून कुणा कार्यकर्त्याने खट्टू होऊ नये. १५ घरेही काही कमी नाहीत. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की कोणत्या पायरीवर माणसे गळाली ते कळले तर पुढच्या वर्षी तीच पायरी दुरुस्त करता येते. बातमीच पोचली नसेल तर दुप्पट बिया छापील पाकिटात भरून काय उपयोग? वेळ चुकत असेल तर वर्ग रात्री साडेआठला, चाळीच्या ओसरीवर घ्यावा. ऊन नसेल तर मेथीचा हट्ट सोडून कमी उन्हात तग धरणारे अळू किंवा पुदिना द्यावा. सोसायटीने ग्रिलमध्ये कुंड्या ठेवायला मनाई केली असेल तर समितीशी बोलावे, बियांशी त्याचा संबंध नाही.

आता शेवटच्या पायरीकडे, म्हणजे ताटाकडे येऊ. "भाजी खाता का?" हा माझा दवाखान्यातला प्रश्न तसा निरुपयोगी आहे. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून बहुतेकजण 'हो' म्हणतात. मंडळाच्या माणसांनी विचारले तर भिडेखातर आणखी जोरात 'हो' म्हणतात. त्याऐवजी विचारावे, "काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय खाल्ले?" कालचे आठवते, आणि कालच्याबद्दल थापही कमी मारली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने स्त्रियांच्या आहारासाठी हीच पद्धत ठरवून दिली आहे. त्यात अन्नाचे दहा गट केले आहेत : धान्य व कंदमुळे, डाळी-कडधान्ये, दाणे, तीळ, सुकामेवा, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, गाजर, भोपळा, आंबा, पपई अशी पिवळी-केशरी भाजी-फळे, इतर भाज्या, इतर फळे. आदल्या दिवशी यांपैकी निदान पाच गट पोटात गेले असतील तर हिशेबात त्या बाईची बाजू बरी धरायची. चहातले चमचाभर दूध किंवा आमटीवरची चिमूटभर कोथिंबीर धरायची नाही; १५ ग्रॅम तरी हवे. ही मोजपट्टी वस्तीसाठी आहे, एका बाईला पास-नापास करण्यासाठी नाही, कारण एखाद्या दिवशी कुणाचाही उपास असू शकतो.

प्रश्न बाईला विचारायचा, घराला नव्हे. 'आमच्याकडे रोज भाजी असते' हे उत्तर खरे असते आणि तरी फसवे असते. नवऱ्याचा डबा, मुलांचा डबा, सासूबाईंचे पान, आणि शेवटी कढईला लागलेले उरले तर तिचे. मी अशा कितीतरी बाया पाहिल्या आहेत की ज्यांच्या ग्रिलमध्ये मेथी डोलते आणि नखे पांढरीफटक असतात.

आणखी एक गफलत ऋतूची होते. वर्ग जुलैत घेतला आणि डिसेंबरात जाऊन विचारले तर पालेभाजी खाणे वाढलेलेच दिसणार. थंडीत मेथी-पालक स्वस्त होतो, गावदेवीच्या मंडईत हिरवे ढीग लागतात. ते श्रेय आपल्या वर्गाने घेऊ नये. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर पुढच्या जुलैतच परत विचारावे, किंवा जिथे वर्ग झाला नाही अशा शेजारच्या गल्लीतही तेच प्रश्न विचारून दोन्हींतला फरक पाहावा.

हे पुस्तकी नाही, असे अभ्यास झालेले आहेत. ओडिशाच्या केओंझर जिल्ह्यात १४८ गावगटांपैकी बहुतेकांत महिला मंडळांना शेती-परसबाग आणि आहाराच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या, आणि काही गावगट तुलनेसाठी तसेच ठेवले. हा प्रयोग ३२ महिने चालला आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चित्रफिती पाहणाऱ्या गटांपैकी दोहोंत मुलांच्या खाण्यातील विविधता वाढली. मुलांचा हडकुळेपणा किंवा आयांचे वजन मात्र बदलले नाही. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने निवडक गावांत पोषणबागांचे काम केले तेव्हाही आधी आणि नंतर घरोघरी काय खाल्ले जाते याची पाहणी केली होती. २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा २३ अभ्यासांचा आढावा आला. त्यातला एक शेरा मला फार बोलका वाटला. कार्यक्रमांत किती लोक सहभागी झाले आणि ते कोण होते, याची माहितीच त्या अभ्यासांत दिलेली नव्हती. म्हणजे मोठमोठ्या संस्थाही पाकिटेच मोजत होत्या!

म्हणून ग्रिलमधल्या कुंड्यांकडून भलती अपेक्षा ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज ४०० ग्रॅम भाज्या-फळे सांगते. एका ट्रेमधून महिन्याकाठी मेथीची जेमतेम एक-दोन वेळची भाजी निघते. त्याने ८.४ चे १२ होणार नाही, त्यासाठी लोहाच्या गोळ्याच लागतात. त्या लिंबू-पाण्याबरोबर घ्याव्यात, आणि चहा तास-दोन तास लांब ठेवावा. गर्भवतींना शासकीय कार्यक्रमात रोज एक याप्रमाणे १८० दिवस गोळ्या मिळतात, त्या परसबाग आहे म्हणून बंद करू नयेत. घरच्या कुंडीचा खरा फायदा असा, की हाताशी असले की खाल्ले जाते आणि मुलांना चव लागते.

एक मोजमाप मी मंडळाला हट्टाने करायला सांगणार आहे. कुंडीखालच्या ताटलीत साठलेले पाणी. डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पाणी ओतून दिले तरी कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात, म्हणून ताटली आठवड्यातून एकदा घासून पुसायची. घरोघरी पाहणीला जाल तेव्हा हिरव्या कुंड्या जशा मोजाल तशा ओल्या ताटल्याही मोजा. शंभर घरांत मेथी आणि वीस घरांत ताप असा सौदा नको.

पाहणीला पैसा फारसा लागत नाही. वस्तीतल्या घरांची यादी करावी, खोल्या आणि पोटभाडेकरू धरून. दर दहावे घर घ्यावे, म्हणजे ओळखीचीच घरे निवडली असे होत नाही. वर्गात शिकवणाऱ्याने स्वतः जाऊ नये, कॉलेजची दोन मुले पाठवावीत. त्यांनी विचारायचे चारच : वर्गाची बातमी कळली होती का, आला असाल-नसाल तर का, कुंडी दाखवता का, आणि काल काय काय खाल्ले. 'कुंडी दाखवता का' हे महत्त्वाचे, तोंडी उत्तरावर थांबू नये. वर्गाआधी एकदा, तीन महिन्यांनी एकदा आणि पुढच्या पावसाळ्यात एकदा. तिसऱ्या खेपेला निम्म्या कुंड्यांत तुळस किंवा नुसती माती दिसेल, त्याचीही नोंद करावी. कुलूप असलेली घरे वगळू नयेत, दिवसा कुलूप असते ते कामावर जाणाऱ्यांचेच घर असते. तिथे रविवारी परत जावे.

या बाई गोळ्या संपल्यावर परत आल्या. हिमोग्लोबिन १०.१ झाले होते. मी त्यांना मंडळाच्या कार्यवाहांकडे पाठवले होते, तिथून पुदिन्याच्या काड्या मिळाल्या म्हणाल्या. पुदिना बोळातल्या नळापाशी डब्यात लावला आहे आणि शेजारच्या खोल्यांतल्या तिघीजणी तोडून नेतात अशी तक्रारही केली. मी कार्यवाहांना फोन करून त्या तिन्ही खोल्या यादीत घालायला सांगितल्या.