जुगार, व्यक्तिस्वातंत्र्य आणि राज्यसूचीतील एक नोंद : ऑनलाइन पोकरच्या निमित्ताने

घटना परिषदेत २ सप्टेंबर १९४९ रोजी राज्यांच्या अधिकारसूचीतील 'पैज व जुगार' ही नोंद चर्चेला आली, तेव्हा शिब्बनलाल सक्सेना व लक्ष्मीनारायण साहू या सदस्यांनी ती सूचीतून वगळावी, असा आग्रह धरला. स्वतंत्र भारताच्या घटनेत जुगाराचे नावही नको, अशी त्यामागची सात्त्विक भावना होती. मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना जे उत्तर दिले, ते पाऊणशे वर्षांनंतर पुन्हा वाचण्यासारखे आहे. नोंद वगळल्याने जुगार बंद होईल हा भ्रम आहे, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. नोंद असेल तर तिच्या आधारे राज्याला जुगारास परवानगी देता येईल आणि बंदीही घालता येईल. नोंद नसेल तर राज्ये हतबल होतील आणि हा विषय शेषाधिकारांच्या वाटेने केंद्राच्या सूचीत जाईल. जुगार मुळीच नको असेल तर तसा स्वतंत्र अनुच्छेदच घटनेत घातला पाहिजे, हेही त्यांनी सांगितले. हीच नोंद अंतिम घटनेत सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आली.

मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या पोकरवरून देशात जो वाद उभा राहिला, तो या नोंदीपाशीच येऊन थांबतो. आमच्या अभ्यासवर्गात काही विद्यार्थ्यांनी प्रश्न केला की, सज्ञान माणसाने आपल्या कष्टाचे पैसे आपल्या खोलीत बसून पत्त्यांवर लावले, तर त्यात सरकारचे काय गेले? प्रश्न उर्मट नाही. घटनेने दिलेल्या स्वातंत्र्यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी तो टाळू नये.

प्रथम खेळ समजून घेऊ. पोकरचा 'टेक्सास होल्डेम' हा प्रकार सर्वाधिक खेळला जातो. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात, मध्ये पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडली जातात आणि एकूण चार वेळा बोली लागते. हाती चांगली पाने नसतानाही मोठी बोली लावून समोरच्याला पाने टाकायला लावता येते. आपल्याकडच्या तीनपत्तीतही हे चालते. म्हणून शक्यतांचे गणित येणारा आणि डोके थंड ठेवणारा खेळाडू दीर्घकाळात नवख्याला हरवतो, हे पोकरच्या समर्थकांचे म्हणणे खोटे नाही.

परंतु टेबलावर आणखी एक भागीदार असतो आणि तो कधीच हरत नाही. ऍप चालवणारी कंपनी जमलेल्या प्रत्येक डावातून आपला हिस्सा कापून घेते; त्याला 'रेक' म्हणतात. उदाहरणादाखल हिशेब करून पाहू. सहा जण प्रत्येकी १००० रुपये घेऊन बसले, म्हणजे टेबलावर ६००० रुपये आले. सरासरी डाव ३०० रुपयांचा आणि कापणी ४ टक्के धरली, तर दर डावाला १२ रुपये गेले. पाने वाटायला वेळ लागत नसल्यामुळे तासाला साठ डाव सहज होतात. तासाला ७२० रुपये, तीन तासांत २१६० रुपये! सहाही जण सारखेच हुशार असले, तरी त्यांच्या एकूण पैशातील तिसऱ्या हिश्शाहून अधिक रक्कम तीन तासांत कंपनीकडे गेलेली असते. कौशल्याने एवढेच ठरते की उरलेल्या पैशात कोणाचा वाटा किती. गल्लीतल्या अड्ड्यावर नाल काढणारा जे करीत असे तेच हे. फक्त हा नाल काढणारा रात्रंदिवस जागा असतो आणि एका वेळी हजारो टेबले चालवतो.

आता कायद्याकडे वळू. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. पुढे सर्वोच्च न्यायालयात ९ एप्रिल १९५७ रोजी चमारबागवाला खटल्याचा निकाल लागला. त्याची हकीकत आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून बक्षिसांच्या शब्दकोडे स्पर्धा चालत आणि मुंबई राज्यातील लोक प्रवेशमूल्य भरून त्यात भाग घेत. चालक दुसऱ्या राज्यात, खेळणारे इथे! मुंबई सरकारने कर आणि नियंत्रण लावले, तेव्हा व्यवसायस्वातंत्र्याचा मुद्दा पुढे आला. न्यायालयाने सांगितले की, जुगार हा घटनेच्या अर्थाने व्यापारच नव्हे. त्याला १९(१)(छ) या अनुच्छेदाचे संरक्षण नाही. मात्र कौशल्यावर आधारलेल्या स्पर्धांना ते मिळू शकते, अशी वाट त्याच निकालांनी मोकळी ठेवली. १९६७ साली रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला आणि त्या एका शब्दावर पुढे मोठा धंदा उभा राहिला.

पोकरच्या बाबतीत मात्र न्यायालयांचेही एकमत झाले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ साली तो कौशल्याचा खेळ मानला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली नशिबाचा. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर जुगाराच्या व्याख्येतून वगळलेला आहे, आणि नागालँडने २०१६ साली त्यासाठी परवाने देण्याचा कायदा केला. पत्ते तेच, पण बंगळुरात बुद्धीचा खेळ आणि अहमदाबादेत जुगार.

आमच्या मते कौशल्य की नशीब हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. माणूस कौशल्याच्या खेळातही घरदार हरू शकतो. तमिळनाडूने २०२१ साली घातलेली बंदी मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली. २०२२ च्या नव्या कायद्यातूनही २०२३ मध्ये रमी व पोकर बाहेर काढले गेले. मात्र पैशाच्या ऑनलाइन खेळांना मध्यरात्रीपासून पहाटे ५ पर्यंत मनाई करणारे आणि आधार तपासणी सक्तीची करणारे नियम त्याच न्यायालयाने जून २०२५ मध्ये उचलून धरले. खेळ कौशल्याचा असला तरी खेळणाऱ्याची झोप आणि खिसा सांभाळण्याचा अधिकार राज्याला आहे, हे त्यातून मान्य झाले.

व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी जॉन स्टुअर्ट मिल यानेही १८५९ सालच्या 'ऑन लिबर्टी' या ग्रंथात जुगाराला बरीच जागा दिली आहे. लोकांनी आपापल्या घरी किंवा स्वतःच्या वर्गणीच्या मंडळात खेळावे, पण लोकांना जुगाराकडे ओढण्यात ज्यांचा नफा आहे त्यांना सार्वजनिक जुगारगृहे उघडू द्यावीत काय, असा प्रश्न त्याने उभा केला. त्या युक्तिवादात बळ आहे हे मान्य केले, पण अखेरचा निवाडा देण्याचे टाळले. विद्यार्थ्यांनी ही रेषा ध्यानात ठेवावी. खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य आणि खेळवणाऱ्याचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपन्यांचे वकील पहिल्याचे नाव घेऊन दुसरे मागत असतात.

तथागतांनी राजगृहात सिगाल या तरुण गृहस्थाला जो उपदेश केला, त्यात जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, डोळ्यांदेखत संपत्ती जाते, सभेत त्याच्या शब्दाला किंमत उरत नाही, मित्र व सोबती त्याला तुच्छ लेखतात, आणि बायकोचे पोषण करू शकणार नाही म्हणून विवाहासाठी त्याला कोणी मागत नाही. यातील केवळ दोन गोष्टी पैशाच्या आहेत. बाकीच्या चार माणसामाणसांतील संबंधांच्या आहेत. 'माझे पैसे, माझी खोली' या म्हणण्यातली उणीव इथे उघडी पडते, कारण सभेतली पत आणि घरच्यांचा विश्वास ही एकट्याची मालमत्ता नसते. या उपदेशात दंड नाही, शिक्षा नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

शिक्षेचा इतिहास मात्र आपल्या वस्त्यांना चांगला ठाऊक आहे. झाडाखाली पत्ते कुटणाऱ्या मजुरांवर धाड पडे, आकडा लावणारा पकडला जाई. आणि त्याच कायद्याने घोड्यांच्या शर्यतीला सवलत दिलेली होती. महाराष्ट्र शासनाची स्वतःची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. १९७६ साली कॅसिनोंचा कायदाही झाला. तो कधी अंमलात आला नाही, आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. शेजारच्या गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना आणि १९९६ नंतर बोटींवरील कॅसिनोंना मुभा मिळाली. गंमत अशी की, १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना तिथे खेळण्यास मनाई झाली. महसूल पाहुण्यांकडून घ्यावा, पण आपल्या मुलांना दूर ठेवावे, हे धोरण जुगाराविषयी पुरेसे बोलके आहे.

या पार्श्वभूमीवर ऑनलाइन खेळांचा केंद्रीय कायदा पाहिला पाहिजे. विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत व दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले, आणि २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली. दोन दिवसांत दोन्ही सभागृहे! एवढ्या मोठ्या विषयावर याहून अधिक चर्चा व्हायला हवी होती, असे आम्हाला वाटते. या कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला सारला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि असे व्यवहार पार पाडणाऱ्या पैशाच्या संस्थांनाही शिक्षा ठेवली. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवले नाही. झाडाखालच्या मजुराला पकडणाऱ्या जुन्या कायद्याच्या अगदी उलट ही रचना आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो.

तरीही राजकारण सरळ नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून याच खेळांत भरलेल्या रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर घेतला जात होता, म्हणजे दोन वर्षे सरकारही टेबलावर बसले होते. बंदीनंतर महिन्याने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, कॅसिनो, शर्यती व लॉटरी यांच्याबरोबर ऑनलाइन पैशाच्या खेळांनाही ४० टक्क्यांचा दर लागू झाला. बोटी तरंगतच राहिल्या. शिवाय जुगार हा राज्यांचा विषय असताना केंद्राने हा कायदा करावा काय, हा प्रश्न आहेच. निरनिराळ्या उच्च न्यायालयांतील याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे घेतल्या. १९४९ साली बाबासाहेबांनी जी नोंद राखून ठेवली, तिचा अर्थ लावण्याचे काम त्यामुळे त्या न्यायालयापुढे आले.

सभासदांसाठी एक व्यावहारिक गोष्ट. बंदीनंतर परदेशातून चालणारी ऍप दुसऱ्या नावाने मुलांच्या मोबाइलवर येतात. तिथे जिंकलेली रक्कम अडकली तर दाद मागायला समोर कोणी नसते; आणि हरलेला मुलगा पोलिसांच्या भीतीने घरीही बोलत नाही, उधारी देणाऱ्या ऍपकडे जातो. केंद्रीय कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, हे त्याला सांगितले पाहिजे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते. आणि तक्रार जितक्या लवकर होईल, तितकी रक्कम बँकेत थोपवून धरण्याची शक्यता अधिक असते.