घरातला नवा सोबती

तुमच्या घरी एखादा प्राणी आहे का? नसेल, तर "अम्मी, आपणही काहीतरी पाळू या ना!" असा हट्ट तुम्ही कधीतरी धरला असेल. माझ्या मुलांनीही धरला होता. त्याचीच ही हकिगत.

मी शाळेत शिकवते. मुलांचे अब्बा कारखान्यात पाळीने कामाला जातात. तेव्हा मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा होता. घर दोन खोल्यांचे. एकदा बाजारात एक माणूस टोपलीत हिरवी, गुलाबी कोंबडीची पिल्ले विकत होता. मुले हटून बसली. मी दोन पिल्ले घेतली आणि घरी खोक्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पिल्ले निपचित पडलेली होती. मुलीने विचारले, "अम्मी, ती झोपली आहेत ना?" मला उत्तर देता आले नाही.

नंतर मी माहिती मिळवली. अंड्यांसाठी वाढवलेल्या जातीतील नर पिल्ले उबवणी केंद्राला उपयोगी नसतात. अशी पिल्ले रंगवून स्वस्तात विकली जातात. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. आईच्या पंखाखाली ती ऊब मिळते. थंडीच्या रात्री आमच्या खोक्यात ती कोठून मिळणार? पिल्ले माझ्या अज्ञानामुळे मेली.

म्हणून मित्रांनो, कोणताही प्राणी आणण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून चार प्रश्नांचा विचार करावा.

पहिला प्रश्न, आपल्याजवळ वेळ किती आहे? कुत्र्याला रोज फिरवून आणावे लागते. तो दिवसभर एकटा राहिला तर कष्टी होतो. मांजर त्यामानाने स्वतंत्र असते. पण तिलाही लस टोचावी लागते, तिची घाण रोज काढावी लागते आणि ती १२ ते १५ वर्षे जगू शकते.

दुसरा प्रश्न, लहान मुले आणि प्राणी एकमेकांपासून सुरक्षित राहतील का? ससा मऊ दिसतो, पण चुकीचे उचलल्यास तो झटके देतो आणि त्याचा कणा मोडू शकतो. कासवाच्या अंगावरील जंतूंमुळे लहान मुलांना जुलाब व ताप येऊ शकतो. कुत्रा किंवा मांजर चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावे.

तिसरा प्रश्न, कायदा परवानगी देतो का? आपल्याकडील पोपट, मुनिया आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. त्यांना पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे.

चौथा प्रश्न, खर्च कोण करणार आणि आपण गावाला गेलो तर काळजी कोण घेणार?

या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता आम्ही गप्पी माशांपर्यंत पोहोचलो. डासांच्या अळ्या खाणारे हे मासे हिवतापाला आळा घालण्यासाठी पाण्यात सोडले जातात, हे तुम्ही ऐकले असेल. आम्ही ४० लिटरची काचेची टाकी घेतली. ती घट्ट बसवली, म्हणजे मुलांच्या हाताने कलंडू नये. गप्पी फार लवकर वाढतात, म्हणून रंगीत शेपटीचे नरच आणले. तेही एकदम आणले नाहीत, थोडे थोडे आणले. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. ते नष्ट करणारे सूक्ष्म जीव टाकीत वाढायला काही आठवडे लागतात.

आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलतो. नळाचे पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवतो, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. खाद्य चिमूटभरच द्यावे. उरलेले खाद्य कुजून पाणी बिघडते. खाद्य घालण्याचे काम मुलीचे, पण तिच्याबरोबर मोठे माणूस असतेच. मासे नकोसे झाले तरी नदीत किंवा तळ्यात कधी सोडू नयेत. तेथील माशांना त्यांचा त्रास होतो.

दोन वर्षांनी एक गप्पी म्हातारा होऊन मेला. मुलीने पुन्हा विचारले, "अम्मी, हा का मेला?" या वेळी मी तिला जवळ घेऊन सांगू शकले, "बेटा, तो त्याचे आयुष्य पूर्ण जगला. तू त्याला रोज वेळेवर खाऊ दिलास."

मुक्या जिवाला घरी आणणे सोपे असते. त्याला नीट सांभाळणे हीच खरी माया.

शब्दार्थ
हट्ट – आग्रह
पाळी – कामाची ठरलेली वेळ
निपचित – हालचाल न करता
कलंडणे – एका बाजूला पडणे
हिवताप – डासांमुळे होणारा थंडीताप

स्वाध्याय
१. पिल्ले का मेली?
२. लेखिकेने गप्पी मासे का निवडले?
३. तुमच्या घरी कोणता प्राणी राहू शकेल? चार प्रश्नांच्या आधारे सात-आठ ओळी लिहा.