गाडीतल्या बिऱ्हाडाची वीज

गाडीतच बिऱ्हाड करून लडाखपर्यंत फिरणारे लोक आहेत. रात्री गाडी बंद असते. मग पंखा कशावर चालतो? लिथियमच्या बॅटरीवर. कोणी ती घरीच जोडतात. कशी, ते आपण पाहू.

आधी हिशेब करू. 30 वॅटचा पंखा 8 तास चालला, 240 झाले. 10 वॅटचा दिवा 4 तास, 40 झाले. रोज 280 वॅट-तास वीज लागली.

लिथियम-लोह-फॉस्फेटचा एक सेल 3.2 व्होल्टचा. एकाचे अधिक टोक दुसऱ्याच्या उणे टोकाला, असे 4 जोडले की 12.8 व्होल्ट झाले. सेल 100 अँपिअर-तासाचे असले तर 1280 वॅट-तास मिळाले. तीन दिवस सहज निघतात.

एवढ्या व्होल्टचा सहसा झटका बसत नाही, म्हणून माणूस बेफिकीर होतो. पण पाना निसटून दोन टोकांवर आडवा पडला तर? तो तापून लाल होतो, आग लागते. म्हणून आधी अंगठी, कडे काढावे. पान्याला चिकटपट्टी गुंडाळावी. अधिक टोकाच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा. तारेआधी तो जळावा. बीएमएस नावाची पट्टी प्रत्येक सेलवर नजर ठेवते. सेल फार भरला की वीज तोडते. पट्टीचे पैसे वाचवू नयेत, असे आम्ही सांगू.

लडाखात रात्री पाणी गोठते. तशा गारठ्यात सेल वीज देतो, पण भरायला घेतला तर कायमचा बिघडतो. म्हणून बॅटरी आत, बिछान्याखाली ठेवतात. गारठा उतरला की मग भरतात.